वर्कस्पेस सोडण्याच्या टूलचं डॉक्युमेंटेशन लिहायचंय? इथून सुरुवात करा

सामायिक वर्कस्पेसमध्ये, म्हणजे टीम मिळून काम करते त्या ऑनलाइन जागेत, सामील कसं व्हायचं, हे पान सगळेच मन लावून लिहितात. बाहेर कसं पडायचं याचं पान मात्र दोन ओळींत उरकलेलं असतं: सेटिंग्ज उघडा, 'लीव्ह'वर क्लिक करा, झालं. पण हे पान उघडणारा माणूस निवांत नसतो. एकतर तो बटणापाशी येऊन अडलेला असतो, किंवा बटण दाबून झालेलं असतं आणि रात्रीचा बिल्ड (कोडमधून सॉफ्टवेअर आपोआप तयार करण्याचं काम) का पडला याचा तो शोध घेत असतो. तिसरा वाचक म्हणजे ॲडमिन. त्याला हेच काम स्क्रिप्टने, एका दमात चाळीस जणांसाठी करायचं असतं.

सोडायचं कसं, हे एका वाक्यात सांगता येतं. सोडल्यावर काय होतं, याला पानभर जागा लागते, आणि वाचक खरं तर तेच शोधत आलेला असतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये तिसरी पायरी सगळ्यात लांब आहे. वेळ कमी असेल तर तेवढी तरी नीट करा.

इथे 'टूल' म्हणजे कमांड लाइनवरची कमांड, वेब एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने वापरायचा मार्ग) किंवा ॲपमधलं बटण, यांपैकी काहीही. तत्त्व तेच, पानाची मांडणी तेवढी बदलते.

## लिहायला बसण्याआधी हाताशी काय हवं

- एक चाचणी वर्कस्पेस, जे मोडलं तरी कुणाचं काही अडणार नाही.
- त्यात किमान ४ अकाउंट: ओनर, ॲडमिन, साधा मेंबर आणि गेस्ट. प्रत्येकासाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल ठेवा. एकाच ब्राउझरमध्ये लॉगिन बदलत बसलात की कुठल्या भूमिकेत काय दिसलं याचा घोळ होतो.
- कोडमधली ती जागा जिथे मेंबरशिपची नोंद प्रत्यक्ष काढली जाते, आणि ते फंक्शन आणखी कुठून कुठून बोलावलं जातं त्याची यादी. बरेचदा 'सोडणं' आणि 'काढून टाकणं' एकाच फंक्शनमधून जातात आणि परिणाम मात्र वेगळे असतात.
- एरर मेसेजची मूळ फाइल. स्क्रीनवर जे दिसलं ते आठवून लिहू नका.
- भूमिका आणि परवानग्यांचा तक्ता. नसेल तर तुम्हीच बनवा आणि डेव्हलपरकडून तपासून घ्या.
- सपोर्टकडे आलेली जुनी तिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी. 'मी सोडलं आणि...' अशी सुरू होणारी वीस तिकिटं वाचलीत की पानाचा आराखडा आपोआप तयार होतो.
- डेटा किती दिवस राखला जातो आणि बिलिंगमधली जागा कधी मोकळी होते, याची लेखी उत्तरं. जेवणाच्या सुट्टीत मिळालेल्या तोंडी उत्तरावर यातलं काहीही छापू नका.

## पायरी १: 'सोडणं' म्हणजे काय, ते आधी पक्कं करा

वाचकाच्या डोक्यात निदान सहा गोष्टींची सरमिसळ असते: साइन आउट करणं, नोटिफिकेशन बंद करणं, वर्कस्पेस सोडणं, दुसऱ्याला काढून टाकणं, अख्खं वर्कस्पेस डिलीट करणं आणि स्वतःचं अकाउंट बंद करणं. पानाच्या पहिल्याच परिच्छेदात तुमचं टूल यांतलं काय करतं आणि काय करत नाही, ते सांगा. उदाहरणार्थ: 'ही कमांड फक्त तुमची मेंबरशिप संपवते. वर्कस्पेस आणि त्यातल्या फाइली तशाच राहतात. तुमचं अकाउंट चालू राहतं.'

नंतर जवळच्या पानांच्या लिंक द्या. बऱ्याच लोकांना खरं तर नोटिफिकेशनच बंद करायची असतात. त्यांना त्या पानावर वळवलंत तर पुढची तिकिटं टळतात.

टूल लोकल फोल्डरशी जोडलेलं असेल तर आणखी एक फरक स्पष्ट करावा लागतो: सर्व्हरवरची मेंबरशिप सुटते की फक्त तुमच्या मशीनवरची कामाची जागा आवरली जाते? यासाठी गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलची वर्कट्री (एखाद्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या शाखेवर, काम करायचं फोल्डर) पाहण्यासारखी आहे. वर्कट्री काढून टाकणारी कमांड ते फोल्डर पुसते, पण त्यातली ब्रांच रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) तशीच राहते. शिवाय फोल्डरमध्ये कमिट न केलेले (इतिहासात न नोंदवलेले) बदल किंवा ट्रॅक न केलेल्या फाइली असतील तर कमांड नकार देते आणि फोर्स फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) मागते. मुख्य वर्कट्री तर काढताच येत नाही. काय जातं, काय राहतं, टूल कुठे अडतं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्याही पानावर अशीच थोडक्यात हवीत.

सापळा: बटणावर 'एक्झिट', मेनूत 'लीव्ह' आणि ईमेलमध्ये 'रिमूव्ह्ड' असं लिहिलेलं असतं. पानावर तिघांपैकी एकच शब्द निवडा, शेवटपर्यंत तोच वापरा आणि बाकीचे दोन कुठे दिसतात ते एकदाच सांगा. बटणाचं नाव बदलण्याची विनंतीही करून ठेवा. ती मान्य होईपर्यंत मात्र पान स्क्रीनशीच जुळलं पाहिजे.

## पायरी २: कोणाला सोडता येतं आणि कोण अडतं

सगळ्यात जास्त अडतो तो शेवटचा ओनर. डिस्कॉर्डवर सर्व्हरच्या ओनरला मालकी दुसऱ्याकडे दिल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. गिटहबच्या ऑर्गनायझेशनमध्ये तुम्ही एकटेच ओनर असाल तर आधी दुसरा ओनर नेमावा लागतो. तुमच्या टूलचाही असाच काही नियम असणार. तो पानाच्या तळाशी 'टीप' म्हणून टाकू नका. पूर्वअटी म्हणून पहिल्या पायरीच्या आधी द्या.

बाकीच्या अडचणी यापेक्षा गुंतागुंतीच्या असतात.

वारशाने आलेली मेंबरशिप. माणसाला वर्कस्पेसमध्ये थेट घेतलेलं नसतं. तो वरच्या ग्रुपमध्ये असतो आणि म्हणून खालच्या प्रोजेक्टमध्ये दिसतो. गिटलॅबमध्ये अशी मेंबरशिप खालच्या पातळीवर सोडता येत नाही, मूळ ग्रुपपर्यंत जावं लागतं. युजरला मात्र 'लीव्ह' बटणच सापडत नाही आणि त्याला वाटतं ॲप बिघडलं. पानावर 'बटण दिसत नसेल तर' असा वेगळा उपविभाग द्या आणि मेंबरशिप कुठून आली आहे हे स्क्रीनवर कुठे बघायचं ते लिहा.

आपोआप परत येणारी मेंबरशिप. कंपनीच्या डिरेक्टरीतून (कर्मचाऱ्यांच्या मध्यवर्ती यादीतून) अकाउंट सिंक होत असतील तर आज सोडलेला माणूस पुढच्या सिंकमध्ये पुन्हा आत दिसतो. इथे 'लीव्ह' चाललं, यशाचा मेसेजही आला, तरीही परिणाम टिकला नाही. अशा वेळी खरा मार्ग म्हणजे डिरेक्टरीतल्या ग्रुपमधून नाव काढणं, आणि ते ॲडमिनच्या हातात असतं. हे लिहिलं नाही तर वाचक तेच बटण रोज दाबत राहील.

जिथून बाहेर पडताच येत नाही अशा जागा. स्लॅकमध्ये सगळ्यांसाठी असलेला मूळ जनरल चॅनल सोडता येत नाही, आणि एपीआयमध्ये त्यासाठी स्वतंत्र एरर आहे. तुमच्या टूलमध्ये अशी जागा असेल तर ती नावानिशी सांगा.

गेस्ट आणि बॉट. यांचे नियम बहुतेक वेळा वेगळे निघतात. चाचणी अकाउंटवर करून बघा, अंदाजाने लिहू नका.

## पायरी ३: मागे काय उरतं, काय जातं, काय अधांतरी राहतं

हा भाग तक्त्यासारखा लिहा. डावीकडे गोष्ट, मध्ये 'राहते / जाते / मालकाविना राहते', उजवीकडे 'सोडण्याआधी काय करावं'. मधला तिसरा पर्याय विसरू नका. सगळे घोळ तिथेच होतात.

फाइलींपासून सुरुवात करा. कळीचा प्रश्न: फाइलची मालकी माणसाची की वर्कस्पेसची? गूगल ड्राइव्हच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये फाइली टीमच्या असतात, त्यामुळे बनवणारा निघून गेला तरी त्या जागच्या हलत नाहीत. 'माय ड्राइव्ह'मधून शेअर केलेल्या फाइलची मालकी मात्र माणसाकडेच राहते. एकाच उत्पादनात दोन नियम. तुमच्या टूलमध्येही असे दोन प्रकार असतील तर तक्त्यात दोन वेगळ्या ओळी करा. एका ओळीत 'प्रकारानुसार' असं लिहून सोडून देऊ नका, कारण आपल्याकडे कुठला प्रकार आहे हे वाचकाला माहीत नसतं.

प्रती हा दुसरा मुद्दा. गिटहबवर खासगी रिपॉझिटरीचा ॲक्सेस गेला की त्या माणसाने तिथे केलेले त्या रिपॉझिटरीचे फोर्क (त्याच्या नावावरच्या प्रती) डिलीट होतात. त्याच्या मशीनवर उतरवलेल्या प्रती, म्हणजे क्लोन, मात्र राहतात. म्हणजे ज्याचं अर्धवट काम फक्त फोर्कमध्येच होतं, मशीनवर नव्हतं, त्याचं ते काम गेलं, आणि दुसरीकडे संवेदनशील कोड बाहेर पडलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर तसाच आहे. सोडणाऱ्याला पहिली गोष्ट कळायला हवी, ॲडमिनला दुसरी. पानावर दोन्ही लागतात.

त्यानंतर चाव्या. टोकन (पासवर्डऐवजी प्रोग्रामने वापरायची गुप्त चावी), एसएसएच की (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची चावी), वेबहुक (काही घडलं की दुसऱ्या सेवेला आपोआप जाणारी सूचना), वेळापत्रकावर चालणारी कामं, बाहेरच्या सेवांशी केलेली जोडणी, यांतलं काय माणसाला बांधलेलं आहे आणि काय वर्कस्पेसला, हे एकेक करून तपासा. माणसाच्या टोकनवर चालणारा बिल्ड तो माणूस गेल्यावर पडतो, आणि तोही लगेच नव्हे, पुढच्या वेळी चालेल तेव्हा. म्हणूनच कारण पटकन सापडत नाही. उलट गिटहबची डिप्लॉय की (सर्व्हरला एखाद्या रिपॉझिटरीत प्रवेश देणारी चावी) रिपॉझिटरीला बांधलेली असते. ती बनवणाऱ्याला काढलं तरी की चालू राहते. पहिल्यात काम थांबतं, दुसऱ्यात दार उघडं राहतं. वाचकाला दोन्ही वेळी वेगवेगळी कृती करायची आहे: टोकनच्या बाबतीत आधी सर्व्हिस अकाउंटवर (माणसाच्या नव्हे, कामाच्या नावाने केलेल्या अकाउंटवर) हलवणं, कीच्या बाबतीत नंतर ती रद्द करणं किंवा बदलणं.

उरलेल्या ओळी पटापट भरता येतील, पण एकही गाळू नका:

- नेमून दिलेली कामं: नाव तसंच राहतं, पुसलं जातं, की दुसऱ्याकडे जातं?
- प्रलंबित मंजुऱ्या: मंजुरी देणारा निघून गेला तर फाइल अडकून पडते का?
- कमेंट आणि इतिहास: नाव दिसत राहतं की 'माजी मेंबर' असं होतं?
- खासगी मसुदे: हे बहुतेक वेळा कुणालाच दिसेनासे होतात. तसं असेल तर ठळक अक्षरात लिहा.
- त्याने पाठवलेली पण अजून न स्वीकारलेली आमंत्रणं: चालू राहतात की बाद होतात?
- सार्वजनिक शेअर लिंक: लिंक बनवणारा गेला की लिंक मरते का?
- बिलिंग: जागा लगेच मोकळी होते की बिलिंगचा काळ संपल्यावर?
- नोटिफिकेशनचे ईमेल: कधी थांबतात? रांगेत असलेले येऊन पडतात का?

सापळा: 'तुमचा डेटा काढून टाकला जाईल' हे वाक्य. कुठला डेटा, कुठून, कधी? वाचणाऱ्यांपैकी एकाला वाटतं आपल्या कमेंट पुसल्या जातील म्हणून बरं झालं, दुसऱ्याला वाटतं टीमच्या फाइली जातील म्हणून तो घाबरतो. असं वाक्य दिसलं की खोडा आणि तक्त्याची लिंक द्या.

## पायरी ४: परत येता येतं का

उलटवता येणारी आणि न येणारी कृती यांत वाचकाला फरक करता आला पाहिजे. तीन गोष्टी सांगा: परत कोण आणू शकतं, किती दिवसांत, आणि परत आल्यावर काय मिळत नाही.

खुल्या चॅनलमध्ये किंवा प्रोजेक्टमध्ये माणूस स्वतःच पुन्हा शिरतो. खासगी असेल तर आतल्या कुणीतरी बोलवावं लागतं. मुदतीचं उदाहरण म्हणून गिटहब घ्या: ऑर्गनायझेशनमधून बाहेर पडलेल्याला ३ महिन्यांच्या आत परत घेतलं तर त्याचे जुने अधिकार पूर्ववत करण्याचा पर्याय ओनरला मिळतो. तुमच्या टूलमध्ये अशी मुदत असेल तर आकडा द्या. नसेल तर 'पुन्हा आमंत्रण मिळाल्यावर तुम्ही साध्या मेंबरच्या भूमिकेत याल, जुनी भूमिका आपोआप मिळणार नाही' असं सरळ लिहा.

## पायरी ५: कमांडचं पान

कमांड लाइनच्या टूलसाठी नवी मांडणी शोधण्याची गरज नाही. युनिक्सच्या मॅन्युअल पानांचा क्रम लोकांच्या सवयीचा आहे: नाव, वापर, वर्णन, ऑप्शन, एक्झिट स्टेटस (काम संपताना कमांड देते तो निकालाचा आकडा), उदाहरणं, संबंधित कमांड. वापराच्या ओळीत चौकोनी कंसातलं ऐच्छिक, टोकदार कंसातलं स्वतः भरायचं, आणि तीन टिंबं म्हणजे पुन्हा पुन्हा देता येणारं.

सांगाडा असा दिसेल. इथे तो देवनागरीत आहे. प्रत्यक्ष पानावर कमांड आणि फ्लॅग जसे टाइप करायचे तसेच, एकही अक्षर न बदलता द्या.

```
नाव
    लीव्ह: चालू युजरची वर्कस्पेसमधली मेंबरशिप संपवते

वापर
    लीव्ह <वर्कस्पेस> [--ट्रान्सफर-टू <युजर>]
          [--ड्राय-रन] [--येस] [--फोर्स] [--जेसन]

ऑप्शन
    --ट्रान्सफर-टू <युजर>  तुमच्या मालकीच्या गोष्टी या
                           युजरकडे देते. तो आधीपासून
                           मेंबर असला पाहिजे.
    --ड्राय-रन             काय होईल ते दाखवते,
                           काहीही बदलत नाही.
    --येस                  खात्रीचा प्रश्न विचारत नाही.
    --फोर्स                सुरक्षा-तपासण्या गाळते.
    --जेसन                 निकाल स्क्रिप्टला वाचता येईल
                           अशा स्वरूपात देते.

एक्झिट स्टेटस
    ०   मेंबरशिप संपली
    १   सर्वसाधारण चूक
    २   चुकीचा वापर
    ३   तुम्ही शेवटचे ओनर आहात
    ४   खात्रीच्या प्रश्नाला 'नाही' उत्तर दिलं
```

'येस' आणि 'फोर्स' यांची गल्लत करू नका, वाचकालाही करू देऊ नका. पहिला फक्त 'नक्की ना?' हा प्रश्न टाळतो. दुसरा संरक्षणच काढून टाकतो, म्हणजे हस्तांतर न करता, अपलोड न झालेले बदल असताना, सगळ्यासकट बाहेर. दोन्ही कामं एकाच फ्लॅगला दिलेली टूल दिसतात. तुमचं टूल तसं असेल तर डॉक्युमेंटेशन लिहिण्याआधी डेव्हलपरशी बोला, कारण हा दोष लिहून झाकता येत नाही.

ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता केलेली रंगीत तालीम, असेल तर तो उदाहरणांत पहिला द्या आणि त्याचा पूर्ण आउटपुट छापा. नेमकी कुठली ओळ बघून पुढे जायचं आणि कुठली दिसली तर थांबायचं, तेही सांगा.

टर्मिनल नसताना काय होतं, हे हमखास राहून जातं. कमांड स्क्रिप्टमधून चालली की खात्रीचा प्रश्न विचारायला समोर कुणी नसतं. टूल तिथे लटकून बसतं, एरर देऊन थांबतं, की 'हो' गृहीत धरतं? तिसरं उत्तर आलं तर पानावर इशारा टाकाच, आणि बग म्हणूनही नोंदवा. तसंच कंट्रोल-सी दाबून मध्येच तोडलं तर काय स्थिती उरते तेही सांगा. हा थांबवण्याचा सिग्नल स्वतः न हाताळणाऱ्या कमांडसाठी शेलमध्ये एक्झिट स्टेटस १३० येतो. पण मालकी दिली गेली आणि मेंबरशिप अजून सुटली नाही अशी अर्धवट अवस्था शक्य आहे का, हे फक्त कोडच सांगेल.

## पायरी ६: एपीआयचं पान

साधारण रचना अशी असते: मेंबरशिपच्या पत्त्यावर डिलीट विनंती आणि यशस्वी झाल्यावर २०४, म्हणजे उत्तरात मजकूर नाही. डिस्कॉर्डमध्ये सर्व्हर सोडण्याची विनंती अशीच चालते. पण हे सगळीकडे गृहीत धरू नका. स्लॅकच्या वेब एपीआयमध्ये चूक झाली तरी एचटीटीपी कोड २०० येऊ शकतो आणि खरा निकाल उत्तराच्या आतल्या 'ओके' या खुणेत असतो. फक्त स्टेटस कोड बघणारी स्क्रिप्ट तिथे फसते. तुमचा एपीआय कुठल्या पद्धतीचा आहे ते पहिल्याच ओळीत सांगा.

कोडांचा तक्ता भरताना:

- ४०१: टोकन नाही किंवा बाद झालं.
- ४०३: टोकन बरोबर आहे, परवानगी नाही. कुठली परवानगी लागते तिचं नाव द्या.
- ४०४: वर्कस्पेस नाही, किंवा आहे पण तुम्हाला दिसू नये म्हणून 'नाही' सांगितलं. गिटहबसारख्या सेवा खासगी गोष्टींचं अस्तित्व लपवण्यासाठी ४०३ ऐवजी ४०४ देतात. तुमच्याकडे तसं असेल तर लिहा, नाहीतर वाचक स्पेलिंग तपासत बसतो.
- ४०९: सध्याच्या स्थितीशी विरोध, उदाहरणार्थ शेवटचा ओनर.
- ४२९: फार वेगाने विनंत्या. चाळीस जणांची स्क्रिप्ट इथे अडकू शकते. किती थांबायचं हे उत्तराच्या हेडरमध्ये येत असेल तर त्या हेडरचं नाव द्या.

आता सगळ्यात उपयोगी प्रश्न: तीच विनंती दुसऱ्यांदा पाठवली तर? नेटवर्क मध्येच तुटलं की स्क्रिप्ट पुन्हा प्रयत्न करते, म्हणून हे माहीत असणं गरजेचं. एचटीटीपीचं सध्याचं प्रमाण, २०२२चं आरएफसी ९११०, डिलीटला आयडेम्पोटंट (कितीही वेळा केलं तरी परिणाम एकदा केल्यासारखाच) म्हणतं. पण त्याचा अर्थ सर्व्हरवरचा अपेक्षित परिणाम सारखा, उत्तर सारखंच असेल असं नव्हे. पहिल्यांदा २०४ आणि दुसऱ्यांदा ४०४ आलं तरी नियम मोडत नाही. स्लॅकमध्ये चॅनल सोडण्याची पद्धत आणखी वेगळी: तुम्ही आधीपासूनच आत नसाल तर एरर येत नाही, उत्तरात तशी वेगळी खूण येते. तुमच्या पानावर एवढी ओळ पुरे: 'आधीच बाहेर असाल तर ४०४ मिळेल. स्क्रिप्टमध्ये हे यश धरायला हरकत नाही.' पण त्याच ४०४ चा दुसरा अर्थ 'वर्कस्पेसचा आयडी चुकला' असाही निघत असेल तर दोन्हींत फरक कसा ओळखायचा, हेही द्या.

टूल एआय असिस्टंटकडून वापरलं जाणार असेल तर वर्णनाची ओळच डॉक्युमेंटेशन असते. मॉडेल ती वाचून टूल वापरायचं की नाही ते ठरवतं. तिथे काय करतं याइतकंच कधी वापरू नये हेही लिहा: 'युजरने वर्कस्पेसचं नाव घेऊन स्पष्टपणे सोडायला सांगितलं असेल तरच वापरा. नोटिफिकेशन बंद करण्यासाठी वापरू नका.' एआय मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याच्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या पद्धतीत टूल विध्वंसक आहे का, पुन्हा चालवलं तर आणखी काही बदलतं का, अशा खुणा लावता येतात. त्या लावाच, पण त्या केवळ सूचना आहेत. त्यांनी काही अडत नाही, त्यामुळे खात्रीचा प्रश्न टूलच्या बाजूला राहिलाच पाहिजे.

## पायरी ७: एरर मेसेज

प्रत्येक मेसेजला तीन ओळी: मेसेज जसाच्या तसा, तो का येतो, आता काय करायचं. 'जसाच्या तसा' यावर भर आहे, कारण लोक मेसेज कॉपी करूनच शोधतात. तुम्ही तो नीटनेटका करून लिहिलात तर पान सापडणारच नाही. मेसेजमध्ये वर्कस्पेसचं नाव येत असेल तर तो भाग टोकदार कंसात ठेवा.

क्रम वर्णाक्षरांनी नको. सपोर्टच्या तिकिटांत जो मेसेज जास्त वेळा येतो तो वर.

'ॲडमिनशी संपर्क साधा' हा उपाय लिहिताना जरा थांबा. वाचकाला ॲडमिन कोण ते कुठे दिसतं? त्याने ॲडमिनला नेमकं काय सांगायचं? आणि वाचक स्वतःच ॲडमिन असेल तर? तिन्हींची उत्तरं दिलीत तरच तो उपाय.

## पायरी ८: कृतीच्या पायऱ्या आणि इशारे

एका पायरीत एकच कृती, आणि कृतीनंतर काय दिसलं पाहिजे ते. अट आधी, कृती नंतर: 'तुम्ही ओनर असाल तर आधी मालकी द्या', असं. 'मालकी द्या, तुम्ही ओनर असाल तर' असं लिहिलंत की घाईतला माणूस स्वल्पविरामाआधीच क्लिक करून मोकळा होतो.

इशारा नेहमी कृतीच्या आधी. ऐकायला बाळबोध वाटेल, पण 'लीव्हवर क्लिक करा' या ओळीच्या खाली 'लक्षात ठेवा, हे परत फिरवता येत नाही' असं लिहिलेली पानं कमी नाहीत. आणि इशारे मोजकेच ठेवा. पानावर सात लाल चौकटी असतील तर एकही वाचली जात नाही. माझ्या मते या पानाला दोन पुरतात: परत न मिळणाऱ्या गोष्टींचा एक, आणि माणसाच्या टोकनवर चालणाऱ्या कामांचा एक. बाकी सगळं साध्या मजकुरात बसतं.

स्क्रीनशॉट फार लावू नका. बटण सहज सापडत नसेल तिथे एक, खात्रीच्या खिडकीचा एक. प्रत्येक चित्रातला मजकूर शेजारी लिहिलेला हवा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी तो लागतोच, आणि चित्र जुनं झालं तरी पान चालतं. चित्रात कुणाचं खरं नाव, ईमेल किंवा टोकन दिसत नाही ना, ते मोठं करून तपासा.

## पायरी ९: पान हातात धरून टूल चालवा

लिहिलेलं पान बाजूला उघडा आणि चारही अकाउंटवरून फक्त त्यात लिहिलंय तेवढंच करा. लिहिलेलं नाही ते माहीत असलं तरी करायचं नाही.

क्रम असा ठेवा: आधी गेस्ट, मग मेंबर, मग ॲडमिन, शेवटी ओनर. उलट केलंत तर ओनर बाहेर पडल्यावर बाकीच्यांना परत बोलवायला कुणी उरत नाही. सोडण्याआधी प्रत्येक अकाउंटवर एक फाइल, एक खासगी मसुदा, एक टोकन, एक नेमून दिलेलं काम आणि एक शेअर लिंक तयार ठेवा. सोडल्यावर दुसऱ्या अकाउंटवरून तिसऱ्या पायरीतला तक्ता ओळीने तपासा. टोकन लगेच आणि काही तासांनी असं दोनदा वापरून बघा, कारण कॅशमुळे (सर्व्हरने तात्पुरत्या साठवलेल्या जुन्या माहितीमुळे) ते थोडा वेळ चालत राहू शकतं. तसं आढळलं तर तेही पानावर जाऊ द्या.

नंतर टूल कधीच न वापरलेल्या सहकाऱ्याला पान द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे वर स्क्रोल करून पुन्हा वाचतो, ती ओळ बदला.

## पायरी १०: पान प्रसिद्ध करताना आणि नंतर

पान ज्या कोडबद्दल आहे त्याच्याच पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल तपासून स्वीकारण्याच्या विनंतीत) पानाचाही बदल जावा. वेगळं तिकीट केलंत की ते मागे पडतं. एरर मेसेजच्या मूळ फाइलमध्ये वर एक टिप्पणी ठेवा: 'इथे बदल केल्यास अमुक पानही बदला.' साधा उपाय आहे, पण लागू पडतो.

शोधण्याचे शब्द वाचकाचे घ्या: बाहेर पडणे, सोडणे, मेंबरशिप रद्द, ग्रुपमधून निघणे, नाव काढणे. पानावर कुठल्या आवृत्तीवर तपासलं ते लिहा. जुन्या पानाचा पत्ता बदलला तर तिथून नव्याकडे वळण ठेवा. खात्रीच्या खिडकीतली 'अधिक माहिती' ही लिंक बहुधा याच पत्त्यावर येते, आणि ती तुटली तर वाचकाला ते कळतं ते नेमकं बटण दाबण्याच्या क्षणी.

मोठ्या आवृत्तीनंतर तिसऱ्या पायरीतला तक्ता पुन्हा चाचणी अकाउंटवर चालवून बघा. पायऱ्या चुकल्या तर वाचक तक्रार करतो आणि चूक कळते. तक्त्यातली चूक मात्र कुणीतरी बाहेर पडून, काहीतरी हरवल्यावरच उघडकीला येते.